चौलचा बाजार कुठे गेला?

मी वाशीमच्या बाजार समितीत अडत करतो. सोयाबीन, तूर, हरभरा. गाडी खाली झाली, लिलाव झाला, तोलाई झाली, शेतकऱ्याच्या हातात पट्टी आणि पैसे पडले, की माझं काम संपलं. समुद्राशी माझा संबंध एवढाच, की आठवडी बाजारात सुकटीचं आणि झिंग्यांचं पाल लागतं आणि वासावरून कळतं, इथं कुठंतरी कोकण उतरलंय.

मुलगी आणि जावई इटलीत असतात. सुट्टीत दोघं सिसिली बेटावरच्या मजारा देल व्हालो नावाच्या गावी गेले होते. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं गाव फिरवलं. भूमध्य समुद्राच्या काठचं मोठं मासेमारी बंदर. 827 साली अरबांची फौज आफ्रिकेहून याच किनाऱ्यावर उतरली आणि पुढं दोनशे वर्षांहून जास्त काळ त्या बेटावर त्यांचा अंमल राहिला. गावातल्या जुन्या वस्तीला अजून कसबा म्हणतात. तिथल्या मच्छीमार बोटींवर आज ट्युनिशियाचे खलाशी कामाला आहेत. ‘‘बाबा, आईला घेऊन या एकदा,’’ ती म्हणाली. मी विमानाचा भाव विचारला आणि ‘‘पाहू’’ म्हटलं. आमच्या धंद्यात ‘पाहू’ म्हणजे सौदा तुटला.

पण डोक्यात ते गाव राहिलं. असलं एखादं आपल्या महाराष्ट्रात नाही का? आहे, आणि मजाराच्या तोडीचं आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर चौल आणि रेवदंडा. दिवाळीनंतर बाजारातली गर्दी ओसरली, मुलाला दुकानावर बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. वाशीमहून अकोला, तिथून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मांडवा, पुढं एसटी. बोटीत आमच्या सौभाग्यवतींनी डोळे मिटून वाशीमच्या बालाजीला साकडं घातलं होतं. ते फेडायला लागेल इतकं पाणी काही हललं नाही.

चौल पाहायला गेलेल्या माणसाला चौल दिसत नाही, हे आधीच सांगतो. दिसतात नारळी-पोफळीच्या वाड्या. दोन्ही बाजूंना गडगे, मधून सावलीचा रस्ता, विहिरी, तळी, कौलारू घरं. एके काळी इथं तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती असं गावात सांगतात. रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पुष्करिणी पाहिली की आकडा कितीही फुगवलेला असला तरी माल खोटा नाही एवढं पटतं. कुंडलिका नदी इथं खाडी होऊन समुद्राला मिळते. मुखाशी रेवदंडा, पलीकडच्या तीरावर कोर्लईचा डोंगर, आणि आतल्या अंगाला जुनं चौल. जहाजाला आडोसा, गोडं पाणी, मागं घाटावर चढणारी वाट. बंदराला आणखी काय लागतं?

दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांना हे बंदर ठाऊक होतं. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमिल्ला म्हणून येतं, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत चेमुल म्हणून. अरब त्याला सैमूर म्हणत. आणि या सैमूरमध्ये हिजरी 304 साली, म्हणजे इसवी सन 916 मध्ये, अल-मसुदी हा बगदादचा लेखक स्वतः येऊन गेला. त्यानं जे लिहून ठेवलंय ते वाचताना माझ्यातला अडत्या जागा झाला. तो सांगतो, गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कोणी सीराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. इथंच त्यांनी लग्नं केली, संसार मांडले. ज्यांचा जन्म इथलाच, अशांना बयासिरा म्हणत. गावावर झंझ राजाचं राज्य होतं. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा. त्याच्यावरचा सम्राट बल्हारा.

हा बल्हारा म्हणजे राष्ट्रकूट. ‘वल्लभराज’ या बिरुदाचं अरबी तोंडात झालेलं रूप. त्याची राजधानी मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मालखेड. आता हे आमच्या घरचंच प्रकरण झालं, कारण आमचा विदर्भही त्या काळी राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. वाशीम त्याच्याही आधी, वाकाटकांच्या वेळी, वत्सगुल्म नावाची राजधानी होती, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान. पण वत्सगुल्मानंतरचं आम्ही सांगतच नाही. राष्ट्रकूटांच्या वेळी आमच्या गावचा आणि या सैमूरचा धनी एकच होता. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर 851 सालचा जो वृत्तांत आहे, त्यात जगातल्या चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या पंगतीला या बल्हाराला बसवलंय. अरबांना तो एवढा का आवडावा? व्यापाऱ्याला कोणता राजा आवडतो, हे मला विचारा. जो जकात ठरल्याप्रमाणे घेतो आणि भांडण झालं तर ऐकून घेतो, तो.

सैमूरला ही ऐकून घेण्याची सोय कशी होती तेही मसुदी सांगतो. तिथल्या मुसलमानांवर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला हुनरमन म्हणत. आपसातले तंटे, वारसा, देणं-घेणं यांचा निवाडा तो त्यांच्याच धर्मशास्त्राप्रमाणे करी, आणि राजा त्याला मान देई. मसुदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन झकरिया नावाचा माणूस त्या जागेवर होता. परमुलखातला व्यापारी तुमच्या यार्डात माल उतरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. मापात फसवलं तर दाद कोणाकडं मागायची, हा असतो. अकराशे वर्षांपूर्वी चौलनं त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणून माणसं आली आणि राहिली.

राहण्याला आणखी एक कारण होतं, ते वाऱ्याचं. शिडाचं जहाज नैऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबस्तानाकडून इकडं येतं. ऐन आषाढात हा समुद्र कोणालाच जुमानत नाही, म्हणून जाणते खलाशी पावसाचा जोर ओसरताना किनारा गाठत. परतायचं तर ईशान्येचा वारा सुटायला हवा, तो हिवाळ्यात. मधले महिने करायचं काय? माल विकायचा, नवा घ्यायचा, वखार भाड्यानं घ्यायची, जहाज ओढून डागडुजी करायची. ती जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसत, काथ्यानं शिवलेली असत. काथ्या इथला, सागही याच किनाऱ्याचा. एवढे महिने परक्या गावात राहिल्यावर माणसाला घर लागतं, नमाजाला जागा लागते. दोन-चार हंगामांनी सासुरवाडीही होते.

सिसिलीत अरब आले ते फौज घेऊन. चौलला आले ते गोणी घेऊन. दोन्ही गावांत फरक कुठं पडला असेल तर इथं पडला. आपल्याकडं अरब म्हटलं की लोकांना तलवारच आठवते. कोकणाचा दहाव्या शतकातला इतिहास त्याला साक्ष देत नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट इंद्र तिसरा याचा शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा, ताम्रपट सापडलाय. त्यात संजानच्या कारभाऱ्याचं नाव आहे मधुमती. हा मधुमती म्हणजे मुहम्मद, ताजिक म्हणजे अरब माणूस, आणि त्याला हा मुलूख राष्ट्रकूट राजानं सोपवलेला. या गृहस्थानं लोकांना नदी-ओढ्यांवर फुकट नावा चालू केल्या, आणि वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र घातलं. त्याच ताम्रपटात भगवतीच्या मठाला त्याच्या अमलात गाव आणि जमीन दिल्याची नोंद आहे. अशी नोंद आमच्या जिल्ह्यात सापडली असती तर चौकाचौकात तिचे फलक लागले असते. किंवा नसतेही. आजचा काळ पाहता खात्री देत नाही.

मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोनवर एक गोष्ट सांगितली, ती तिला इटलीत राहून माहीत नव्हती. सिसिलीतला अरबांचा अंमल गेला, तिथं नॉर्मन राजे आले, पण त्यांनी अरबी जाणकार सोडले नाहीत. राजा रॉजर दुसरा यानं अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराला पालेर्मोत ठेवून घेतलं आणि 1154 मध्ये त्याच्याकडून साऱ्या जगाचं वर्णन पुरं करून घेतलं. त्या ग्रंथात सैमूर आहे. मोठं, नीट बांधलेलं गाव, भरपूर नारळ, मेंदीची झाडं आणि डोंगरातल्या सुगंधी वनस्पती, ज्या बाहेर पाठवल्या जात. इद्रीसी भारतात कधी आला नाही. ही सगळी माहिती त्याला खलाशांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या तोंडून मिळालेली. पण सिसिलीत बसलेल्या माणसाला चौलचे नारळ ठाऊक होते, आणि मला, वाशीमच्या माणसाला, ते साठीत कळले.

आता डोळ्यांनी काय पाहिलं ते. चौलात हमामखाना विचारत गेलो. एका वाडीच्या गडग्याशी एक वयस्क काका सुपारी सोलत बसले होते. डोक्यावर जाळीची टोपी. ‘‘कुठून आलात?’’ ‘‘वाशीमहून.’’ ‘‘वाशीला राहता?’’ ‘‘वाशी नाही हो काका, वाशीम. अकोल्याच्या पुढं.’’ मग त्यांनी आत वळून पाणी मागवलं आणि स्वतः उठून दाखवायला आले. हमामखाना म्हणजे तुर्की-अरबी पद्धतीचं न्हाणीघर. चुना-दगडाच्या खोल्या, वर घुमट, उजेड आणि वाफेसाठी घुमटाला भोकं, भिंतीतून पाण्याच्या वाटा. गरम पाण्यानं अंघोळ करायची ही पद्धत कधी काळी भूमध्य समुद्राच्या काठानं, रोमन लोकांकडून अरबांकडं आणि त्यांच्याकडून तुर्कांकडं गेली. ती चौलात पोचली आणि आज तिच्यावर वडाची मुळं चढलीत. माझ्या अंदाजानं हा पुढच्या, म्हणजे बहमनी-निजामशाही अमलाच्या काळचा. काका म्हणाले, ‘‘आमच्या लहानपणी इथं लपाछपी खेळायचो.’’

ते कोकणी मुसलमान. घरात मराठीच, पण हेल वेगळा, आणि वाक्यात फारसी-अरबी शब्दांची पेरणी. या समाजात आडनावं नाखवा, मुकादम, काझी अशीही असतात आणि गावावरून पडलेली ‘कर’कारी आडनावंही असतात. अरब आणि इराणी व्यापाऱ्यांशी ते आपलं नातं सांगतात. पिढ्यान्पिढ्या जहाजांवर कामाला जाणारे हे लोक. आज रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांचा कर्ता आखातात नोकरीला असतो. बसऱ्याचे आणि ओमानचे लोक इकडं पोट भरायला येत होते, आता इकडचे तिकडं जातात.

बाजार म्हटलं की फसणारेही आले. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी 1469 च्या सुमारास होर्मुझहून जहाजानं चौलला उतरला. सोबत माल एकच, एक उमदा घोडा. बहमनी राज्यात घोड्यांना मागणी जबर, कारण इथं चांगला घोडा पैदा होत नसे. गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागं मागं फिरत, असं त्यानं लिहिलंय. जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसानं मध्यस्थी केली, तेव्हा घोडा सुटला आणि पुढं बीदरला विकला गेला. आपल्या मुलखात खपेल असा माल इथं मुबलक मिळतो असं ऐकून आलो आणि फसलो, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकाती फार, अशी त्याची तक्रार. बाजारभाव ऐकीव माहितीवर धरला की असंच होतं, रशियन असो की रिसोडकर. घरी पोचायच्या आधीच वाटेत तो वारला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, ते जरूर पाहा.

मग पोर्तुगीज आले आणि खेळाचे नियमच बदलले. मार्च 1508 मध्ये चौलच्या खाडीच्या तोंडाशी मोठी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज, दुसरीकडं इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ. इजिप्तच्या त्या जहाजांचं लाकूड तुर्कस्तानाकडून भूमध्य समुद्रातून आणून, पुढं वाळवंटातून सुएझपर्यंत वाहून नेलेलं होतं. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचीही या मोहिमेला सहानुभूती होती, कारण मिरीचा धंदा पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून पळवला होता. म्हणजे भूमध्य समुद्रातलं भांडण चौलच्या पाण्यात सोडवलं जात होतं. पोर्तुगीज हरले, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू इथंच पडला. पण पुढच्याच वर्षी दीवला बापानं सूड घेतला, आणि अरबी समुद्रावर परवाना पोर्तुगीजांचा चालू लागला. ज्या जहाजाकडं त्यांचा कागद नाही, ते जप्त. 1521 मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं 1570-71 मध्ये वेढा घातला, फत्ते झाली नाही. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईही घेतला. 1739 मध्ये वसई पडल्यावर, 1740 मध्ये, दोन्ही ठिकाणं मराठ्यांकडं आली.

रेवदंड्याचा किल्ला वेगळा शोधावा लागत नाही. एसटी त्याच्या तटातूनच आत शिरते आणि गाव किल्ल्याच्या पोटात वसलेलं आहे. सातखणी नावाचा मनोरा अजून उभा, मजले मात्र सातही उरलेले नाहीत. याच गावात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे. कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ज्यूंना लोक शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात चेऊलकर आडनाव आहे, ते याच चौलचं. पलीकडं कोर्लईला गेलो, तर तिथल्या ख्रिस्ती वाडीत सुमारे हजारभर माणसं अजून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. घरात बोलतात ते टिकतं, एवढाच त्याचा अर्थ.

मासळीबाजाराचं श्रेय मात्र आमच्या हिला. मी अवशेष मोजत होतो, ती थेट टोपल्यांपाशी जाऊन बसली. आमच्याकडं धरणातले रोहू-कटला आणि नदीतली वाम, मरळ. समुद्रातलं ताजं पाहायची ही पहिलीच वेळ. ‘‘मावशी, हे कायचे मासे होय वो?’’ ‘‘मांदेली हाय बाय. घे, ताजा हाय. दोन वाटे घे, तुझ्या मान्साला तलून घाल.’’ वाटा म्हणजे ढीग. तराजू नाही. ढीग लावायचा हक्क बाईचा, आणि घासाघीस केली तर वर एखादं मासोळं टाकायचा हक्कही तिचाच. बोटीवर पुरुष, बाजारात बायका, आणि पैसा बायकांच्या कमरेला. सगळ्या महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत हे शिकवायला हवं. पलीकडं बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. त्यातलेच काही कधी वाशीमच्या पालावर येत असतील. ‘‘जून-जुलैत मासेमारी बंद, तवा सुकंच,’’ मावशीनं सांगितलं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा होड्या पाण्यात.

आता शीर्षकातला प्रश्न. एवढा बाजार गेला कुठं? कोणी एका दिवसात उठवला नाही. बाजार तसा उठतही नाही. पोर्तुगीजांच्या परवान्यानं अरबांचा हात आखडला. निजामशाही आणि पोर्तुगीज यांच्या भांडणात व्यापाऱ्यांना दोन्हीकडून जाच. मोगलांच्या छत्राखाली सुरतेला जास्त फायदा दिसू लागला, नंतर इंग्रजांच्या मुंबईला. जहाजं मोठी झाली, खाडी गाळानं उथळ होत गेली. आवक कमी, म्हणून खरेदीदार कमी, म्हणून आवक आणखी कमी. शेवटी उरले दोन धंदे, वाडी आणि मासे, ज्यांना बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नव्हती. आमच्याकडंही काही गावांचे बाजार असेच बसलेले मी पाहिलेत. ओटे असतात, शेड असते, व्यापारी नसतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. अलिबागला येणारी मंडळी वाळूवर उंटगाडीत बसतात, रेवदंड्याला चहाला थांबतात आणि मुरूडला जंजिरा पाहायला निघून जातात. जंजिरा पाहण्यासारखा आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण जंजिऱ्यात सत्ता दिसते, चौलात व्यवहार दिसतो. परक्या माणसाला ठेवून घ्यायचं, त्याचा धर्म त्याच्यापाशी राहू द्यायचा आणि माप मात्र एकच ठेवायचं, हा व्यवहार. तो जास्त अवघड, म्हणून मी चौलला जास्त मार्क देतो.

विदर्भातून जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. सकाळी चौल पायी फिरा, दुपारी रेवदंड्याचा तट, दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून कोर्लई. हमामखान्यासारखी ठिकाणं लोकांच्या वाड्यांना लागून आहेत, तेव्हा शिरण्याआधी विचारा. कोणी नाही म्हणत नाही. आणि पावसाळ्याचा बेत असेल तर ध्यानात ठेवा, तेव्हा गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँच बंद असतात.